बायोमेडिकल सायन्सची पदवी आणि तिच्यावरचे चार आक्षेप

बायोमेडिकल सायन्स म्हणजे माणसाचे शरीर निरोगी असताना कसे चालते, आजारात नेमके कुठे बिघडते, तो बिघाड कोणत्या चाचणीने पकडता येतो आणि कोणत्या औषधाने आवरता येतो, याचा प्रयोगशाळेच्या बाजूने केलेला अभ्यास. पदवीच्या पातळीवर त्यात शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पेशीशास्त्र, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय एकत्र शिकवले जातात. रुग्ण तपासणे, औषध लिहून देणे, शस्त्रक्रिया करणे यांतले काहीही त्यात नसते. ही पदवी घेणारा डॉक्टर होत नाही आणि स्वतःला तसे म्हणवून घेण्याचा त्याला अधिकारही नाही.

ब्रिटनमध्ये ही पदवी अनेक विद्यापीठांत आहे आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळा तिच्यावर चालतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाने २००८ मध्ये आपल्या पदवी अभ्यासक्रमांची फेररचना केली, वैद्यकाचे शिक्षण पदवीनंतरच्या टप्प्यावर नेले आणि तीन वर्षांची ‘बॅचलर ऑफ बायोमेडिसिन’ सुरू केली. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि शहीद राजगुरू या महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्सची ऑनर्स पदवी मिळते. महाराष्ट्रात हेच विषय बहुधा जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी अशा पाट्यांखाली शिकवले जातात.

या पदवीबद्दल चार आक्षेप वारंवार घेतले जातात. ती एमबीबीएस हुकलेल्यांची आहे, हा पहिला. तिच्यात जे शिकवतात ते एमबीबीएसमध्ये येतेच, मग वेगळी पदवी कशाला, हा दुसरा. मूळ शास्त्र पक्के करण्याआधीच मिश्रण पाजणारा अभ्यासक्रम उथळ असतो, हा तिसरा. आणि शेवटी तिच्यावर नोकरी मिळत नाही, कारण चाचण्या यंत्र करते व सही डॉक्टरची लागते, हा चौथा. पहिले दोन आक्षेप चुकीचे आहेत, तिसरा अर्धवट आहे, आणि चौथ्यात तथ्य असले तरी त्याचा रोख चुकीच्या दिशेला आहे.

पहिला आक्षेप: हुकलेल्यांची पदवी

२०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. त्या वेळी देशातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या पुढे होत्या. म्हणजे वीसातल्या एकाला जागा मिळाली आणि एकोणीस बाहेर राहिले. बाहेर राहिलेल्यांनी पुढे जे काही शिकावे ते दुय्यम, असा निकाल द्यायचा असेल तर देशातल्या निम्म्याअधिक शास्त्र शाखा एका फटक्यात दुय्यम ठरतील. दंतवैद्यक, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, परिचर्या, शेतकी, सगळ्याच वर्गांत नीटमध्ये मागे पडलेली मुले बसलेली असतात. एखाद्या वर्गात कोण कुठून आले यावरून त्या वर्गात काय शिकवतात हे कळत नाही.

‘दुधाची तहान ताकावर’ ही घराघरांतली प्रतिक्रिया आहे आणि ती या पदवीला चिकटण्याचे कारणही उघड आहे. नावात ‘मेडिकल’ आहे, विषयांची नावे मेडिकल कॉलेजातली आहेत, आणि डॉक्टरकी मात्र नाही. त्यामुळे ही पदवी डॉक्टरकीतून काहीतरी वजा करून उरलेली आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे सोडवायचा प्रश्नच निराळा असतो. डॉक्टरपुढे एक माणूस असतो आणि त्याला आत्ता काय द्यायचे हे ठरवायचे असते. बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यापुढे एक विधान असते आणि ते खरे कशावरून, किती खात्रीने आणि कोणाच्या बाबतीत, हे ठरवायचे असते.

हा फरक सिकलसेल आजारात नीट दिसतो. नंदुरबारपासून नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी तयार करणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे साखळीच्या सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की या बदललेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब दोऱ्या बनतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही पेशी दोन-तीन आठवड्यांतच फुटते आणि रक्तक्षय होतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, आणि आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते ही कल्पना पक्की झाली. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होते. काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका कुठला घटक बदलला आहे ते शोधले. तेही डॉक्टर नव्हते, जीवरसायनाचे अभ्यासक होते.

बायोमेडिकलच्या वर्गात हा एकच आजार सगळा अभ्यासक्रम ओलांडून जातो. अक्षराचा बदल आनुवंशिकीच्या पेपरात येतो, चिकटणाऱ्या दोऱ्या जीवरसायनात, अडकलेली रक्तवाहिनी शरीरक्रियाशास्त्रात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून आराम देते, ते औषधशास्त्रात. हा जनुक हिवतापाच्या प्रदेशातच एवढा का टिकला, हे उत्क्रांती आणि साथशास्त्रात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तोही याच आजारासाठी होता, आणि त्याची कार्यपद्धती समजायला यांतले सगळेच विषय लागतात.

प्रात्यक्षिकाच्या तासाला हा अभ्यास हाताला लागतो. गावच्या शिबिरात सिकलसेलची जी पहिली चाचणी होते तिला विद्राव्यता चाचणी म्हणतात. सोडियम डायथायोनाइट मिसळलेल्या द्रावणात रक्ताचे काही थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निकाल नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सकारात्मक. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, तिला वीज लागत नाही. शिकणाऱ्याला खरे काम यानंतर असते. गढूळ द्रावण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही, आणि लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना तेच तर जाणून घ्यायचे असते. काही महिन्यांच्या बाळाच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे आजार असूनही रेघा स्वच्छ दिसू शकतात. रक्तक्षय तीव्र असेल तरीही तसेच. म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढ्या मोठ्या तपासणीत कोणत्या टप्प्यावर कोण सुटून जाईल हे आधीच ओळखणारी माणसे लागतात, आणि ती ओळख प्रयोगशाळेच्या शिस्तीतून येते.

याच जिल्ह्यांत मधुमेहाच्या तपासणीतही एक पेच आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि सिकलसेलच्या रुग्णाचा आकडा खोटाच कमी येतो. छापील अहवालात तो आकडा व्यवस्थित मर्यादेत असतो. तो फसवा आहे हे ओळखायला आकडा तयार कसा होतो ते ठाऊक असावे लागते. या प्रकारच्या ज्ञानाला ताक म्हणता येत नाही. दुधाच्या तहानेशी त्याचा संबंधच नाही.

दुसरा आक्षेप: हे एमबीबीएसमध्ये येतेच

एमबीबीएस साडेचार वर्षांची आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिपची. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय पहिल्या टप्प्यात उरकले जातात. पुढची सगळी वर्षे वॉर्डाकडे झुकलेली असतात आणि तशीच ती असली पाहिजेत. अभ्यासक्रमाचा घोषित उद्देश समाजात पहिल्या भेटीचा डॉक्टर घडवणे हा आहे. त्या डॉक्टरकडून रात्री दोन वाजता आलेला हृदयविकाराचा रुग्ण सांभाळण्याची अपेक्षा असते. चाचणीचा संच प्रमाणित करणे, पेशी वाढवणे, प्रयोगाची रचना आखणे ही अपेक्षा नसते. विषयाचे नाव सारखे आहे म्हणून त्याची खोली आणि उपयोग सारखा असेल असे मानणे म्हणजे वकिलाला आणि इतिहासकाराला दोघांनाही जुनी कागदपत्रे वाचता येतात, म्हणून एकाने दुसऱ्याचे काम करावे असे म्हणण्यासारखे आहे.

याचे मोजलेले उदाहरण आहे. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. त्यांत विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि ज्येष्ठ डॉक्टरही होते. आजार हजारात एकाला असतो. चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. लक्षणे काहीच माहीत नाहीत आणि एखाद्याची चाचणी सकारात्मक आली, तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? बहुसंख्यांची मजल योग्य उत्तरापर्यंत गेली नाही आणि सर्वाधिक जणांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. हिशेब अगदी साधा आहे. हजार जण तपासले तर खरा रुग्ण एक, आणि उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जण चुकून सकारात्मक. म्हणजे ५१ सकारात्मकांमागे खरा एक, जेमतेम २ टक्के. बरोबर उत्तर देणारे ६० पैकी ११ होते.

यावरून डॉक्टर अडाणी असतात असा निष्कर्ष काढणे हा खोडसाळपणा ठरेल. डॉक्टर सहसा लक्षणे पाहूनच चाचणी सांगतो, त्यामुळे त्याच्यापुढे येणारा माणूस हजारातला कोणीही नसतो, आणि त्याचा अंदाज वॉर्डात बऱ्याचदा बरोबर ठरतो. पण लाखो निरोगी माणसांची सरसकट तपासणी सुरू झाली की तोच अंदाज हजारो कुटुंबांना नाहक घाबरवतो. अशा ठिकाणी संख्याशास्त्र तोंडी लावण्यापुरते शिकून भागत नाही. बायोमेडिकलच्या अभ्यासक्रमात चाचणीची संवेदनशीलता, विशिष्टता आणि आजाराचे प्रमाण यांचा मेळ घालणे हा पहिल्या वर्षापासूनचा सराव असतो.

वैद्यकाची पदवी घेऊन पुढे उत्तम संशोधन करणारे अनेक आहेत. २०२३ चे नोबेल मिळवणारे ड्रू वाइसमन डॉक्टर आहेत. पण त्यांनी वैद्यकाबरोबर पीएचडीही केली होती, म्हणजे संशोधनाचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागले. आणि ज्यांच्यासोबत त्यांनी हे नोबेल वाटून घेतले त्या कॅटालिन कॅरिको हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठातून जीवशास्त्र शिकल्या होत्या. संदेशवाहक आरएनए शरीरात टोचला की प्रतिकारयंत्रणा खवळते. त्या रेणूतला एक घटक बदलला तर ती शांत राहते, हे या जोडीने २००५ मध्ये दाखवले, आणि कोविडच्या लशी त्यातूनच शक्य झाल्या. दोघांपैकी एकाचे शिक्षण दुसऱ्यात ‘येतच’ असते तर या जोडीची गरजच पडली नसती.

तिसरा आक्षेप: एक ना धड, भाराभर चिंध्या

हा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो, म्हणून त्याला वजन आहे. आधी रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र तीन वर्षे पक्के करावे, मग आजारांकडे वळावे, असे त्यांचे म्हणणे. पुरावा म्हणून ते ज्यांची नावे घेतात त्यांपैकी काही मुंबईशीच जोडलेली आहेत. वाल्डेमार हाफकिन ओडेसात प्राणिशास्त्र शिकले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेली परळची संस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. कमला सोहोनी मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र शिकल्या, केंब्रिजला पीएचडी केली आणि जीवरसायनात नाव कमावले. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकल्या. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. यांच्यापैकी कोणाकडेही बायोमेडिकलची पदवी नव्हती, मग आजच ती कशाला, असा हा युक्तिवाद आहे.

उदाहरणे खरी आहेत, निष्कर्ष चुकतो. हाफकिन पाश्चर संस्थेत आधी ग्रंथालयाचे काम पाहत होते आणि लस बनवायला तिथेच शिकले. रणदिवे यांनी वसंत खानोलकरांच्या हाताखाली आणि नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली. म्हणजे मूळ शास्त्र आणि आजार यांच्यामधला पूल प्रत्येकाने बांधला, पण तो थोर गुरूच्या प्रयोगशाळेत, एकेकट्याने, पदरची वर्षे घालून. ती वाट मोजक्यांना पुरते. आज लस उत्पादन, औषधांच्या चाचण्या, जनुकीय निदान आणि साथनियंत्रण यांना लागणारी माणसे हजारांत मोजावी लागतात, आणि त्या सगळ्यांना जॉर्ज गे भेटणार नाहीत. जे पूर्वी गुरूकडून मिळत होते ते अभ्यासक्रमात बांधणे, एवढाच या पदवीचा उद्देश आहे.

पुरस्कर्त्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. सेंद्रिय रसायन, भौतिक रसायनाचे मूळ नियम आणि गणित यांना कात्री लावून त्या जागी ‘नॅनोमेडिसिन’ आणि ‘स्टेम सेल थेरपी’ असे आकर्षक पेपर घातलेले अभ्यासक्रम खरोखर चिंध्याच ठरतात. बफर कसा काम करतो हे न कळलेला विद्यार्थी एलायझा चाचणीचा संच पुस्तिका वाचून चालवू शकेल, पण उत्तर विचित्र आले की अडकेल. म्हणून तपासायचे ते पदवीचे नाव नव्हे, पहिल्या दोन वर्षांचा मजकूर. तो भरीव असेल तर आजाराभोवती विषय गुंफल्याने पाया कच्चा राहत नाही. सिकलसेलचे उदाहरण हेच सांगते: एक अमिनो आम्ल बदलल्याने द्रावण गढूळ का होते, हे कळायला रसायनशास्त्र लागतेच, फक्त ते कशासाठी शिकायचे ते विद्यार्थ्याला आधी कळते.

चौथा आक्षेप: यंत्र करते, सही डॉक्टरची

यातला यंत्राचा भाग आधी घ्यावा. मोठ्या प्रयोगशाळेत नमुना सरकत्या पट्ट्यावरून यंत्रात जातो आणि आकडा पडद्यावर येतो, हे खरे. पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट वर्णिला, जो आज जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. ए, बी आणि ओ हे तिन्ही गट ज्या एच नावाच्या पायाभूत घटकावर उभे असतात तोच या माणसांच्या रक्तात नसतो. नेहमीच्या तपासणीत त्यांच्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही द्रावणांत गोळा होत नाहीत, म्हणून गट ओ असा निघतो. पण त्यांच्या रक्तद्रवात एचविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात, आणि साधे ओ रक्त चढवले तर ते जिवावर बेतू शकते. चूक पकडली जाते ती उलट तपासणीत. माणसाचा रक्तद्रव ज्ञात ओ पेशींमध्ये मिसळला आणि त्याही गोळा झाल्या, तर काहीतरी वेगळे आहे हे उघड होते. दोन तपासण्यांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा थांबून विचार करणारा माणूस बाकावर असावा लागतो. यंत्रे वाढतील तशी त्याची गरज कमी होत नाही, कारण यंत्र जितके वेगवान तितकी न पकडलेली चूकही वेगाने पसरते.

सहीचा प्रश्न मात्र खरा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी हवी. अहवालातून निदान काढणे हे वैद्यकीय काम आहे आणि रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने त्यावर जबाबदार डॉक्टर असावा, याला हरकत घेण्याचे कारण नाही. आक्षेपाची चूक पुढच्या पायरीवर होते. सही करता येत नाही म्हणून शिकणेच व्यर्थ, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

ब्रिटनने हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या प्रयोगशाळा सहायकांची संघटना १९१२ पासून आहे आणि आज ती बायोमेडिकल सायन्सची संस्था म्हणून पदव्यांना मान्यता देते. मान्यताप्राप्त पदवी आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले नोंदवलेले प्रशिक्षण पूर्ण केल्यावर आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडे नोंदणी होते. ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ती लावणे हा गुन्हा आहे. डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट तिथेही आहेतच. दोघांच्या कामाची हद्द आखलेली आहे, म्हणून कोणी कोणाचा उरलेला भाग ठरत नाही.

भारतात २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा झाला. त्यात वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवविज्ञान यांचा स्वतंत्र गट आहे. कायदा आहे, अंमलबजावणी संथ आहे. त्यामुळे एकाच बाकावर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका (डीएमएलटी) किंवा पदवी (बीएमएलटी) घेतलेले, एमएस्सी झालेले आणि बायोमेडिकलचे पदवीधर बसतात आणि कोणाला काय करण्याचा अधिकार आहे हे संस्थेगणिक बदलते. हा दोष पदवीचा नाही, नियमनाचा आहे. नियमनातल्या त्रुटीचे खापर विषयावर फोडले की नियमन सुधारण्याचा दबावही नाहीसा होतो, आणि या आक्षेपाने होणारे खरे नुकसान तेच आहे.

शिवाय रुग्णालयातली प्रयोगशाळा हे या पदवीचे एकमेव ठिकाण नव्हे. लस आणि जैविक औषधांच्या कारखान्यांतला गुणवत्ता नियंत्रण विभाग, औषधांच्या चाचण्यांचे समन्वयन, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे, नियामक संस्थांना सादर करायचे दस्तऐवज, वंध्यत्व केंद्रांतली भ्रूणशास्त्राची कामे, जनुकीय निदान, ही सगळी क्षेत्रे पुणे आणि मुंबई परिसरात आहेत. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, परळला हाफकिन आणि रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र. यांतल्या बऱ्याच जागांना पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएचडी लागते, आणि हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीला अर्ज करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत दिली आहे, त्यामुळे ही वाट पूर्वीपेक्षा एका वर्षाने तरी आखूड झाली. ‘पी हळद नि हो गोरी’ अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला ती तरीही लांबच वाटेल. पण एमबीबीएसनंतर एमडीसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्याची वाटही आखूड नसते, आणि तिच्याबद्दल हा आक्षेप कोणी घेत नाही.

दोष कुठे आहे

आक्षेप घेणाऱ्यांनी ज्याला हात घातला पाहिजे अशा गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली, जाहिरात. ‘मेडिकलची दुसरी संधी’ म्हणून ही पदवी विकणाऱ्या संस्था विद्यार्थ्याची आणि विषयाची एकदमच फसवणूक करतात. मेलबर्नला पदवीनंतर वैद्यकाकडे जाण्याची सोय व्यवस्थेतच बांधलेली आहे, तरी तिथेही ही पदवी वैद्यकातल्या जागेची हमी देत नाही. भारतात तशी सोयच नाही: एमबीबीएससाठी नीट पुन्हा द्यावी लागते आणि अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून करावा लागतो. ज्याला रुग्ण तपासायचेच आहेत त्याने ही पदवी घेऊ नये, हे स्पष्ट सांगणारा प्राध्यापक विषयाचा मित्र असतो.

दुसरी गोष्ट, प्रयोगशाळा. चाळीस विद्यार्थ्यांमागे दोन मायक्रोपिपेट, बंद पडलेले सेंट्रिफ्यूज आणि ‘प्राध्यापकांनी दाखवलेले प्रात्यक्षिक’ अशी स्थिती असेल तर ते नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. या विषयाचे अर्धे शिक्षण हातात असते. एकास दहा या प्रमाणात सलग विरळ करत गेलेल्या नमुन्यांची मालिका बनवताना पहिल्या नळीतली छोटी चूक प्रत्येक पुढच्या नळीत उतरते आणि शेवटी आलेख सरळ रेषेत येत नाही. हे स्वतःच्या हातून एकदा घडले की पुस्तकातली दहा पाने वाचून जे कळत नाही ते कळते. प्रवेश घेण्याआधी विचारण्यासारखे प्रश्न म्हणूनच साधे आहेत: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका बाकावर विद्यार्थी किती, शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प आहे का, तो कुठे करता येतो, आणि आधीच्या तुकड्या आज काय करत आहेत.

तिसरी गोष्ट, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्यातली जुनी तेढ. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. ते वैद्यकाच्या पेशातले नव्हते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांच्या सोयीची होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली आणि त्यांचे नाव निर्दोष ठरले. स्वतः रॉस डॉक्टर होते. ज्याच्याकडे रुग्ण नाहीत त्याच्या ज्ञानावर विश्वास कसा ठेवायचा, हा संशय तेव्हाही होता आणि आजच्या चारही आक्षेपांच्या तळाशी तोच आहे. त्याचे उत्तर पुराव्याने द्यायचे असते, आणि पुरावा तयार करणे व तपासणे हेच या पदवीचे काम आहे.

चारही आक्षेपांचा हिशेब असा मांडता येतो. प्रवेशाच्या रांगेवरून विषय जोखणारा पहिला आक्षेप बाद होतो. दोन वेगळ्या कामांना एक समजणारा दुसराही बाद होतो. तिसरा अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन वर्षांना लागू आहे आणि तेवढ्यापुरता तो स्वीकारून दुरुस्ती करावी लागते. चौथा विद्यार्थ्यासमोर न मांडता आयोग, राज्य परिषदा आणि विद्यापीठे यांच्यासमोर मांडला पाहिजे: नोंदणी द्या, कामाची हद्द आखा, प्रशिक्षणाच्या जागा मोजून सांगा. हे होईपर्यंत ही पदवी निवडणाऱ्याने ती डोळे उघडे ठेवून निवडावी. पण ती डॉक्टरकीची दुय्यम आवृत्ती आहे म्हणून टाळू नये, कारण ती डॉक्टरकीची आवृत्तीच नाही.